कमी गुणांचा खुलासा आणि तो वाचणारे

अमेरिकेतील लॉ स्कूलच्या प्रवेशअर्जाबरोबर जोडायच्या कागदांत एक कागद असा असतो, की तो जोडण्याची सक्ती नसते, त्याचा ठरावीक नमुना नसतो आणि तो कसा वाचला जातो याचे नियम कुठे छापलेले नसतात. पदवीच्या काळात एखादे सत्र, एखादे वर्ष किंवा कधीकधी सगळा अभ्यासक्रमच घसरलेला असेल, तर त्यामागचे कारण अर्जदाराने थोडक्यात लिहून द्यावे, अशी मुभा बहुतेक लॉ स्कूल देतात. अर्ज भरणारे विद्यार्थी या कागदाला ‘अ‍ॅडेंडम’ म्हणतात. तो लिहावा की लिहू नये, लिहिला तर किती ओळींचा असावा, घरातले आजारपण सांगावे की स्वतःचे, नोकरीचा उल्लेख केला तर ती सबब वाटेल का, यावर सल्ल्यांचा सुकाळ आहे, आणि त्यातले बरेच सल्ले पैसे मोजून घेतलेले असतात. या साऱ्या खटाटोपात लिहिणाऱ्याच्या कौशल्याची इतकी चर्चा होते, की वाचणाऱ्याच्या जबाबदारीचा विषय निघतच नाही. या लेखाचा विषय ती जबाबदारी आहे. कमी गुणांचा खुलासा हा दयेचा अर्ज नसून पुरावा आहे. तो पुरावा म्हणून वाचायचा असेल, तर तो सर्व अर्जदारांकडून सारख्याच प्रश्नांनी मागवला पाहिजे आणि त्यावरचा निर्णय संस्थेच्या स्वतःच्या आकडेवारीच्या गरजेपासून अलग ठेवला पाहिजे. आज या दोन्ही गोष्टी होत नाहीत.

आधी तो आकडा तयार कसा होतो ते पाहू. जेडी (ज्युरिस डॉक्टर) हा वकिलीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम तिथे पदवीनंतर घेतला जातो आणि आधीची पदवी कोणत्याही विषयातली चालते. भौतिकशास्त्र शिकलेला विद्यार्थी आणि नाट्यशास्त्र शिकलेली विद्यार्थिनी अशा प्रकारे एकाच रांगेत येतात, आणि त्यांची तुलना करता यावी म्हणून लॉ स्कूल अ‍ॅडमिशन कौन्सिल ही संस्था प्रत्येकाच्या गुणपत्रिका मागवून त्यांची सरासरी आपल्या पद्धतीने पुन्हा काढते. पहिली पदवी मिळेपर्यंतचे महाविद्यालयीन अभ्यासक्रम या हिशेबात धरले जातात. पुढे पदव्युत्तर शिक्षणात कितीही चांगली कामगिरी केली, तरी ती या आकड्यात येत नाही. सर्वांत जाचक नियम पुनरावृत्तीचा आहे. नापास झालेला विषय विद्यार्थ्याने पुन्हा घेतला, त्यात उत्तम श्रेणी मिळवली आणि त्याच्या महाविद्यालयाने जुनी श्रेणी आपल्या हिशेबातून वगळली, तरी ती श्रेणी आणि तिचे श्रेयांक गुणपत्रिकेवर दिसत असतील, तर कौन्सिल दोन्ही श्रेणी मोजते. विद्यार्थ्याला ज्या शिक्षकांनी ओळखले, त्यांनी जे माफ केले ते इथे माफ होत नाही. सर्वांना एकच मापदंड लावण्यासाठी हे केले जाते आणि त्या हेतूला माझा आक्षेप नाही. पण मापदंड एक असला म्हणजे मोजली जाणारी वस्तूही एकच असते, असे मात्र नव्हे.

समजा, एका विद्यार्थिनीने १२० श्रेयांकांची पदवी घेतली. पहिल्या वर्षाच्या ३० श्रेयांकांत तिची सरासरी चारच्या मापावर २.० होती आणि उरलेल्या ९० श्रेयांकांत ३.८. तिची एकूण सरासरी ३.३५ भरते. दुसऱ्या एकीने चारही वर्षे न चुकता ३.३५ राखले, आणि तिसरीने पहिली तीन वर्षे ३.८ मिळवून शेवटच्या वर्षी २.० पर्यंत घसरण केली. तिघींचा आकडा तोच. पहिलीने काहीतरी ओलांडले आहे, दुसरी स्थिर आहे, तिसरीचे काय बिनसले ते विचारायला हवे, आणि या तिन्ही वाचनांत कायद्याच्या अभ्यासासाठी महत्त्वाची माहिती आहे. कौन्सिलच्या अहवालात वर्षवार सरासरीही दिलेली असते, त्यामुळे डोळे उघडे ठेवून वाचणाऱ्याला हा फरक दिसतो. पण संस्थेच्या जाहीर तक्त्यात आणि क्रमवारीच्या हिशेबात जातो तो एकटा ३.३५. आघाडीच्या अनेक लॉ स्कूलमध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या सरासरीचा मध्यक, म्हणजे सर्वांना क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, आज ३.९ च्या वर आहे. नंतरची तीन वर्षे ३.८ मिळवणारी पहिली विद्यार्थिनी त्या आकड्यापासून इतकी दूर पडते ती तिच्या अठराव्या वर्षामुळे.

हे अठरावे वर्षही सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. एमआयटीमध्ये पहिल्या सत्रात विद्यार्थी उत्तीर्ण झाला तर ‘पास’ एवढीच नोंद होते आणि अनुत्तीर्ण झाला तर बाहेर जाणाऱ्या गुणपत्रिकेवर त्याची नोंदच उमटत नाही. नव्या वातावरणात माणूस अडखळतो हे त्या संस्थेने गृहीत धरले आणि अडखळण्याची किंमत शून्य केली. हा निर्णय मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो. पण तेच अडखळणे एखाद्या साध्या सरकारी महाविद्यालयात झाले, तर ते कायमचे नोंदले जाते, विषय पुन्हा घेतला तरी मोजले जाते आणि चार वर्षांनी त्याचा खुलासा लिहावा लागतो. पहिल्याला काही समजावून सांगावे लागत नाही, कारण त्याच्या संस्थेने ते आधीच सांगून टाकलेले असते. शिवाय श्रेणींची महागाई आहेच. हार्वर्डच्या पदवी महाविद्यालयात दिल्या जाणाऱ्या श्रेणींचा मध्यक ए-उणे असून सर्वाधिक वेळा दिली जाणारी श्रेणी ए आहे, असे तिथल्या डीननी २०१३ साली प्राध्यापकांच्या बैठकीत सांगितले होते. सगळेच शिखराजवळ उभे असतील, तर एका वाईट सत्राने पडणारे अंतर पूर्वीपेक्षा कितीतरी मोठे दिसते.

मात्र खुलाशाचे खरे भवितव्य या सरासरीत ठरत नाही, मध्यकात ठरते. मध्यकाची गंमत अशी, की त्याच्या खाली कोण किती खाली आहे याची त्याला फिकीर नसते. २०१ जणांच्या वर्गाचा मध्यक ३.८ ठेवायचा असेल, तर १०१ जण ३.८ किंवा त्याहून वरचे असले की झाले. उरलेल्या १०० जणांत कुणाचे ३.७५ आहेत आणि कुणाचे २.७, याने मध्यक तसूभरही हलत नाही. म्हणजे मध्यकाच्या खालची जागा ही संस्थेच्या दृष्टीने मोजून वापरायची वस्तू ठरते, आणि ती कुणाला द्यावी याचा विचार करताना दुसरा मध्यक डोळ्यांसमोर असतो, तो एलसॅट या प्रवेश परीक्षेचा. ही परीक्षा १२० ते १८० या मापावर गुण देते. पदवीत २.७ पण एलसॅटमध्ये १७२ असलेला अर्जदार एक मध्यक खाली न आणता दुसरा वर नेतो, म्हणून त्याच्या खुलाशात आजारपण, नोकरी किंवा घरातला मृत्यू यांपैकी काहीही असले तरी ते सहानुभूतीने वाचले जाण्याची शक्यता मोठी असते. तोच खुलासा, त्याच शब्दांत, त्याच पुराव्यांसह १५८ गुणांच्या अर्जदाराने दिला तर त्याचा उपयोग फार थोडा. दिलेले कारण खरे असण्याचा आणि ते मान्य होण्याचा संबंध इथे तुटतो. त्यातही क्रूर भाग असा, की ज्या कारणाने पदवीचे गुण घसरले त्याच कारणाने परीक्षेची तयारीही अपुरी राहिलेली असते: आठवड्याला तीस तास काम करून शिकणाऱ्याकडे एलसॅटसाठी मोकळे महिने कुठून येणार? दोन आकडे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे समजून ते शेजारी ठेवले जातात, आणि प्रत्यक्षात दोन्ही एकाच परिस्थितीची नोंद करत असतात.

मध्यकाचा हा धाक काल्पनिक नाही. २०११ मध्ये व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या लॉ स्कूलने आपल्या विद्यार्थ्यांचे एलसॅटचे गुण आणि पदवीच्या सरासऱ्या फुगवून कळवल्या गेल्याचे उघड केले आणि लॉ स्कूलना मान्यता देणाऱ्या अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेने तिची जाहीर निंदा केली. इलिनॉय विद्यापीठाच्या लॉ स्कूलने वर्षानुवर्षे खोटे मध्यक कळवल्याचे सिद्ध झाल्यावर २०१२ मध्ये तिला अडीच लाख डॉलरचा दंड झाला. कायदा शिकवणाऱ्या संस्था ज्या आकड्यासाठी खोटे बोलण्यापर्यंत गेल्या, त्या आकड्याला अर्जदाराच्या एका पानाने धक्का लागेल, अशी आशा धरणे भाबडेपणाचे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये येल आणि हार्वर्डच्या लॉ स्कूलनी यूएस न्यूज या नियतकालिकाच्या क्रमवारीतून अंग काढून घेतले, इतर अनेकांनी त्यांचे अनुकरण केले, आणि त्यानंतरच्या यादीत प्रवेश परीक्षेच्या मध्यकाचे वजन ११.२५ टक्क्यांवरून ५ वर व पदवीच्या सरासरीचे ८.७५ वरून ४ वर आले. तेव्हा ‘क्रमवारीमुळे आमचे हात बांधलेले आहेत’ या सबबीत आता निम्माच जीव उरला आहे. आश्चर्य याचे वाटते, की त्यामुळे खुलासा वाचण्याची पद्धत बदलल्याचे कुणी जाहीर केलेले नाही.

भारतातील विद्यापीठाची पदवी घेऊन जेडीसाठी अर्ज करणाऱ्यांची स्थिती थोडी निराळी असते, तीही इथेच नोंदवलेली बरी. कौन्सिल त्यांच्या गुणपत्रिकेवरून चारच्या मापातली सरासरी काढत नाही. ती फक्त उत्कृष्ट, सरासरीहून सरस, सरासरी किंवा त्याखालची असा शेरा देते. संस्थेच्या मध्यकात अशा विद्यार्थ्याचे पदवीचे गुण धरलेच जात नाहीत. त्याचा खुलासा वाचताना समितीला आपल्या तक्त्याची काळजी करावी लागत नाही, आणि त्यामुळे तो निदान खुलासा म्हणून तरी वाचला जाऊ शकतो. हा अपवाद मूळ दोष कुठे आहे ते नेमके दाखवतो.

आता प्रश्न असा, की खुलासा पुरावा म्हणून वाचायचा म्हणजे काय करायचे? याचे उत्तर शोधायला लॉ स्कूलना लांब जाण्याची गरज नाही, कारण चुकलेल्या गोष्टीची माफी कोणत्या कसोट्यांवर द्यायची याचा विचार त्यांच्याच शास्त्रात झालेला आहे. मुदत चुकलेल्या पक्षकाराचे दुर्लक्ष क्षम्य आहे का, हे ठरवण्यासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली पायोनियर इन्व्हेस्टमेंट सर्व्हिसेस विरुद्ध ब्रन्सविक असोसिएट्स या खटल्यात चार गोष्टी पाहायला सांगितल्या: समोरच्याचे नुकसान होण्याचा धोका, विलंब किती आणि त्याचा कामकाजावरचा परिणाम काय, विलंबाचे कारण आणि ते पक्षकाराच्या आवाक्यातले होते का, आणि त्याने सद्भावनेने वर्तन केले का. दिवाळखोरीच्या कामात दावा दाखल करण्याची मुदत वकिलाकडून चुकली होती. त्या सुमारास वकील आपली जुनी फर्म सोडत होता आणि त्याचे सगळेच विस्कटलेले होते. न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी त्याच्या पक्षकाराला सवलत दिली, पण वकिलाच्या या वैयक्तिक गोंधळाला फारसे वजन दिले नाही. वजन दिले ते मुदतीची सूचना विचित्र जागी आणि अस्पष्टपणे दिलेली होती याला, कुणाचेही नुकसान होत नव्हते याला आणि सद्भावनेला.

हा निकाल मला या विषयात फार उपयोगाचा वाटतो. दुःख किती मोठे होते, हा न्यायालयाचा पहिला प्रश्न नव्हता. प्रवेश समित्यांच्या वाचनात मात्र नेमके उलटे घडण्याचा धोका असतो: हृदयद्रावक कारण लक्षात राहते आणि रुक्ष कारण विसरले जाते. कर्करोगाने आई गेली हे वाचून समितीतला सदस्य थांबतो. वसतिगृह परवडत नव्हते म्हणून रोज चार तास प्रवासात जात होते, हे वाचून तो पान उलटतो. दोन्ही कारणांनी अभ्यास सारखाच बुडालेला असू शकतो. कारणाच्या करुणतेवर निर्णय झुकू लागला, की अर्जदारही आपल्या आयुष्यातला सर्वांत विदारक प्रसंग शोधू लागतात, तो नसेल तर असलेल्या प्रसंगाला धार लावतात, आणि ज्यांना आपले दुःख विकायला काढणे प्रशस्त वाटत नाही, ते गप्प बसून मागे पडतात. संकोची माणसाचे हे नुकसान कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

चांगला खुलासा खरे तर कंटाळवाणा असतो, आणि तो तसाच असावा. कोणत्या सत्रात काय घडले, ते कधी सुरू झाले आणि कधी संपले, गुणपत्रिकेतील घसरण त्याच काळाशी जुळते का, त्याला आधार म्हणून कोणता कागद आहे, आणि त्यानंतर काय बदलले, एवढे सांगितले की लिहिणाऱ्याचे काम झाले. तारखा जुळत नसतील तर उत्तम गद्यही कामाचे नाही. पहिल्या वर्षीच्या आजाराने तिसऱ्या वर्षीच्या श्रेणी समजत नाहीत, आणि प्राध्यापकांनी अन्याय केला हे सांगून तर काहीच समजत नाही. आजार, मृत्यू, नोकरी असे कोणतेही बाह्य कारण नसेल आणि केवळ वयाच्या अठराव्या वर्षी अभ्यासात मन नसेल, तर तसे दोन वाक्यांत लिहून पुढच्या श्रेणींकडे बोट दाखवावे. हा खुलासा सर्वांत प्रामाणिक असतो, आणि माझ्या मते समितीने त्यालाच सर्वाधिक संशयाने पाहणे ही मोठी चूक आहे. न आवडणाऱ्या विषयात वाहवत गेलेला मुलगा विषय बदलल्यावर उभा राहतो, ही स्वतःला ओळखण्याची घटना आहे. तिच्यासाठी कुणाचा मृत्यू झालेला असण्याची अट का असावी?

यावरचा सर्वांत बळकट आक्षेप खोटेपणाचा नाही. खोट्याचा बंदोबस्त बऱ्यापैकी आहे: प्रवेशअर्जातील लबाडीची चौकशी कौन्सिल करते, आणि पुढे वकिलीची सनद मागताना चारित्र्याची जी तपासणी होते, तिच्यात लॉ स्कूलला दिलेला जुना अर्ज काढून ताडून पाहिला जाऊ शकतो. खरा आक्षेप न्यायाचा आहे. एका मुलीने काम केले, आजारी वडिलांना सांभाळले आणि तरीही ३.७ मिळवले, दुसऱ्याने तेवढेच सोसून २.८ मिळवले. खुलाशाला मान दिला तर जिने परिस्थितीवर मात केली तिचे काय? तिच्या कष्टांना अर्जात जागाच नाही, कारण तिच्या गुणपत्रिकेत खुलासा करण्यासारखे काही नाही. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि म्हणूनच खुलासा ऐच्छिक ठेवू नये असे माझे म्हणणे आहे. पदवीच्या काळात दर आठवड्याला किती तास पगारी काम केले, घरात कुणाची जबाबदारी होती का, शिक्षणात खंड पडला का, महाविद्यालय किंवा विषय बदलला का, हे चार-पाच प्रश्न ३.९ वाल्यालाही विचारावेत आणि २.८ वाल्यालाही. मग ३.७ मागे किती ओझे होते ते कळेल, २.८ मागे किती होते तेही कळेल, आणि ३.९ मागे काहीच ओझे नव्हते हेही कळेल. ते कळणे गैर नाही. ऐच्छिक कागदाचा फायदा ज्यांना तो कसा लिहायचा हे सांगणारे कुणी आहे त्यांनाच होतो. ज्याच्या घरात आधी कुणी महाविद्यालयातच गेलेले नाही, तो ‘ऐच्छिक’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशात असतो तसाच घेतो आणि कागद कोरा सोडतो.

आजारपणाच्या बाबतीत, विशेषतः मानसिक आजाराच्या बाबतीत, हा कोरा कागद अज्ञानाचा नसून भीतीचा असतो, आणि ती भीती अनाठायी म्हणता येत नाही. अपंगत्व असलेल्या परीक्षार्थीला एलसॅटसाठी वाढीव वेळ दिला, तर त्याच्या गुणांवर तशी खूण करून ते लॉ स्कूलना कळवण्याची कौन्सिलची प्रथा होती. ती थांबली ती २०१४ मध्ये, न्यायालयात झालेल्या तडजोडीनंतर, आणि त्या तडजोडीत कौन्सिलला ७७ लाख ३० हजार डॉलरही मोजावे लागले. त्याच वर्षी लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाला केंद्रीय न्याय विभागाशी करार करून सनदेच्या अर्जातील मानसिक आजाराविषयीचे प्रश्न बदलावे लागले, कारण तिथे वर्तन कसे आहे हे न पाहता निदान काय आहे यावर बोट ठेवले जात होते. ज्या क्षेत्राने कालपरवापर्यंत निदानालाच संशयाचे कारण मानले, त्या क्षेत्राच्या दारात उभे राहून नैराश्याने एक वर्ष गेले असे लिहून देणे, यासाठी धैर्य लागते. लॉ स्कूल हे धैर्य गृहीत धरतात. त्यांनी अर्जातच स्पष्ट लिहायला हवे, की निदानाचे नाव लिहिण्याची गरज नाही, उपचार सुरू झाले आणि त्यानंतर कामगिरी अशी राहिली एवढे पुरेसे आहे, आणि ही माहिती प्रवेशाच्या निर्णयापलीकडे कुणाच्या हाती जाणार नाही. यातले शेवटचे आश्वासन त्यांना देता येत नसेल, तर तेही लिहावे.

हा सगळा वाद नवा नाही. १९७१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये सुमारे १५० जागांसाठी १६०० च्या आसपास अर्ज आले होते, आणि पदवीचे गुण व एलसॅट यांच्या मिश्रणातून पहिल्या वर्षीच्या अपेक्षित गुणांचा एक आकडा काढून त्यांची छाननी झाली. प्रवेश नाकारला गेलेला मार्को डिफ्युनिस हा अर्जदार न्यायालयात गेला. कनिष्ठ न्यायालयाच्या आदेशाने त्याला प्रवेश मिळाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात सुनावणीला येईपर्यंत तो शेवटच्या वर्षात पोहोचला, म्हणून १९७४ मध्ये न्यायालयाने निर्णयाची गरज उरली नाही असे म्हटले. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी मात्र असहमतीचे निकालपत्र लिहिले. वंशाधारित झुकते माप त्यांना मान्य नव्हते, पण त्याचबरोबर आकड्यांवरची श्रद्धाही त्यांनी सोलून काढली: झोपडवस्तीतून बाहेर पडून एखाद्या दोन वर्षांच्या महाविद्यालयापर्यंत पोहोचलेला कृष्णवर्णीय अर्जदार, हार्वर्डमध्ये अधिक गुण मिळवलेल्या श्रीमंत माजी विद्यार्थ्याच्या मुलापेक्षा कायद्याच्या अभ्यासाला अधिक लायक आहे, असे नि:पक्षपाती समितीला वाटू शकेल, आणि असा निष्कर्ष कुणावर उपकार म्हणून नव्हे तर क्षमतेचे अधिक अचूक मापन म्हणून काढलेला असेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. पन्नास वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. खुलासा आकड्याला शिथिल करत नाही, आकडा काय सांगतो ते पूर्ण करतो.

२०२३ च्या जूनमध्ये वंशाधारित प्रवेशधोरण सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, तेव्हाही सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी अर्जदाराने आपल्या आयुष्यावर वंशाचा काय परिणाम झाला हे लिहिण्यास मोकळीक ठेवली, फक्त त्याचा लाभ त्या व्यक्तीच्या धैर्याशी किंवा निर्धाराशी जोडलेला असावा असे बजावले. त्यामुळे अर्जदाराच्या स्वतःच्या लेखनावरचा भार वाढला आहे, आणि भार वाढला की नियम अस्पष्ट ठेवणे अधिकच घातक ठरते.

अमेरिकन बार असोसिएशनच्या मानकांनुसार लॉ स्कूलने एवढेच पाहायचे आहे, की अर्जदार अभ्यासक्रम समाधानकारकपणे पूर्ण करून वकिलीची सनद मिळवण्यास समर्थ दिसतो की नाही. ३.८ आणि ३.९ मधला फरक या प्रश्नाचे उत्तर देत नाही, २.० वरून ३.८ वर गेलेली तीन वर्षे ते बऱ्याच अंशी देतात. २०१९ पासूनच्या नियमानुसार बार परीक्षेला, म्हणजे सनदेसाठीच्या परीक्षेला, बसलेल्या पदवीधरांपैकी किमान ७५ टक्के जण दोन वर्षांत उत्तीर्ण झाले पाहिजेत, म्हणजे कोण उत्तीर्ण झाले आणि कोण नाही याची नोंद प्रत्येक संस्थेला ठेवावीच लागते. दरवर्षी जाहीर कराव्या लागणाऱ्या तक्त्यात प्रवेश घेतलेल्यांचे २५ वे, ५० वे आणि ७५ वे शततमक, म्हणजे ज्याच्या खाली वर्गातले तितके टक्के विद्यार्थी येतात तो आकडा, छापलेले असते. त्याखाली आणखी एक ओळ यावी: पदवीच्या सरासरीत २५ व्या शततमकाखाली असलेल्या किती जणांना प्रवेश दिला आणि त्यांपैकी किती जण सनद मिळवण्यास पात्र ठरले. अशा विद्यार्थ्यांची कामगिरी खरोखरच वाईट असेल, तर समित्यांचा सावधपणा योग्य होता हे मीही मान्य करीन, आणि ती इतरांच्या जवळपास असेल, तर खुलासे बाजूला सारण्याचे कारण समित्यांना सांगावे लागेल. ही ओळ छापण्यासाठी नवी माहिती गोळा करावी लागणार नाही, कारण प्रवेशाचे गुण आणि परीक्षेचा निकाल या दोन्ही नोंदी एकाच कार्यालयात नसल्या तरी एकाच संस्थेत असतात.